कंपाऊंड धनुष्याचं किट, २४,५०० रुपये: रायफल सोडावी इतकं चांगलं आहे का?

आधीच सांगतो, हे धनुष्य शिकारीसाठी घेतलेलं नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि बंदच बरी, आमच्या बागेत रात्री रानडुकरं येऊन सुरण उकरून जातात तरी मी हेच म्हणणार. घेतलं ते दादासाठी. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, १४ वर्षं कोलोरॅडोत आहे, तिकडे लायसन काढून एल्कची शिकार करता येते आणि हा गेली ६ वर्षं दर ऑक्टोबरअखेर रायफल घेऊन डोंगरात जातो. यंदा त्याच्या डोक्यात धनुष्य शिरलं. एप्रिलच्या शेवटी गावी आला (आमचं घर दापोली तालुक्यात, खाडीच्या वर), आंबा संपेपर्यंत राहणार होता, म्हणाला तिकडे दुकानात जाऊन मोठा खर्च करण्याआधी इथेच एक साधं किट मागव, महिनाभर रोज मारून बघू, जमलं तर ठीक नाहीतर धनुष्य तुला राहील. मी कॉलेजात १० मीटर एअर रायफल मारायचो त्यामुळे मलाही खाज होतीच.

ज्यांना एल्क म्हणजे काय ते माहीत नाही त्यांनी आपलं सांबर डोळ्यापुढे आणा, साधारण तेवढ्याच अंगाचं, नर ३०० किलोच्या पुढे जातो, आणि नात्याने बघाल तर आपल्या काश्मीरच्या हंगुलाचा जवळचा भाऊबंद. कोलोरॅडोत जगातले सगळ्यात जास्त एल्क आहेत. रायफलने दादा २००-२५० यार्डांवरून मारतो, दोन वर्षांपूर्वी एक मादी २४० वरून पाडली, २० पावलांत खाली बसली, मग मटण खाली आणायला ४ फेऱ्या. धनुष्याने तेच जनावर ३० यार्डांवर आणायचं. ३० यार्ड म्हणजे आमच्या ओटीपासून गोठ्यापर्यंत, बास. एवढ्या अंतरावर त्याला तुमचा घाम कळतो.

आता किट. बॉक्समध्ये धनुष्य (कंपाऊंड म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेलं), नेम धरायचं ५ पिनांचं साइट, बाण ठेवायचा रेस्ट, छोटा स्टॅबिलायझर, दोरी ओढून सोडायचा, मनगटाला बांधायचा ट्रिगर रिलीज, १२ कार्बनचे बाण, एलन की, आणि दोरीला लावायच्या मेणाची एक कांडी. ड्रॉ वेट, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, २० ते ७० पौंड, ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी किती मागे येते ते, १९ ते ३० इंच, दोन्ही घरी बसून बदलता येतं आणि ही या किटची सगळ्यात चांगली गोष्ट, कारण मी आणि दादा उंचीने सारखे नाही आणि एकच धनुष्य दोघांना वापरायचं होतं. फिनिशिंग ठीक. पकड प्लॅस्टिकची आहे, मे महिन्यात घामाने साबणासारखी निसटते, आम्ही सायकलच्या हँडलची टेप गुंडाळली.

विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, कारण आता जे लिहिणार आहे ते वाचून तुम्ही म्हणाल हा माणूस भांडतोय, आणि मी भांडलोच होतो. ऑर्डर देताना मी दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंत माप दिलं होतं, ६९ इंच, त्याला अडीचने भागायचं म्हणजे साडेसत्तावीस ड्रॉ लेंग्थ येते, हे त्यांच्याच पानावर लिहिलेलं. आलं ते २९ वर सेट करून. दीड इंच जास्त म्हणजे दोरी कानाच्या मागे जाते, डावं कोपर आत वळतं आणि सुटताना दोरी हाताच्या आतल्या बाजूला अशी सणकून बसते की पहिल्या दिवशी माझ्या हातावर जांभळा पट्टा उठला, आईला वाटलं कुणी चाबूक मारला. ते आम्ही घरी बदललं, चालतं.

बाणांचं मात्र चालत नाही. कार्बनच्या बाणावर एक नंबर असतो, त्याला स्पाइन म्हणतात. बाण दोन टोकांवर आडवा ठेवून मध्ये ठरावीक वजन टांगलं की किती वाकतो ते माप, ४०० म्हणजे ०.४ इंच वाकतो, ७०० म्हणजे ०.७. म्हणजे नंबर जेवढा मोठा तेवढा बाण लिबलिबीत. आम्ही ५५ पौंडावर मारणार हे सांगितलेलं, त्याला ४०० च्या आसपासचा बाण लागतो, यांनी पाठवले ७०० चे, ते पोराटोरांच्या हलक्या धनुष्याचे. जास्त जोराच्या धनुष्यातून असा बाण सुटला तर हातातच फुटू शकतो आणि कार्बनच्या चिरफळ्या तळव्यात घुसतात. दादाने बॉक्स उघडल्या उघडल्या नंबर वाचला म्हणून, मी एकटा असतो तर मारून मोकळा झालो असतो. फोन केला तर पलीकडचा म्हणतो सर बिगिनरला काही फरक पडत नाही. आयला, बिगिनरलाच तर फरक पडतो, जाणकार आधी नंबर बघतो! ८ दिवसांनी बदलून आले, कुरिअरचे ३८० माझ्याच खिशातून.

तोवर धनुष्य २५ पौंडावर उतरवून त्याच बाणांनी जवळून मारत बसलो.

मारायची जागा म्हणाल तर हापूसच्या बागेसारखी रेंज नाही. कलमं १० मीटरवर लावलेली असतात, त्यामुळे रेंजफाइंडर नको, दोन झाडं म्हणजे २० मीटर, तीन म्हणजे ३०, जे यार्डांत ३३ होतं. टार्गेट विकतचं महाग म्हणून तांदळाच्या चार गोणी भाताच्या पेंढ्याने ठासून भरल्या, सुंभाने करकचून बांधल्या आणि गडग्यापुढे उभ्या केल्या. पहिल्या दिवशी ५५ वर मारलेला बाण पेंढ्यातून आरपार गेला आणि मागच्या चिऱ्यावर आपटून त्याचं तोंड झाडूसारखं फुललं. मग पेंढ्याच्या मागे जुनी गोधडी आणि तिच्यामागे माती. एकूण ५ बाण गेले, दोन चिऱ्यावर, दोन करवंदीच्या जाळीत, तिथे शोधायला जायची कुणाची छाती नाही, आणि एक माडाच्या बुंध्यात इतका आत की अजून तिथेच आहे, आई त्यावर रोज चहाचं गाळणं सुकवते.

ओढायला कसं वाटतं ते सांगतो कारण दुकानाच्या पानावर हे कुणी नीट लिहीत नाही. ५५ पौंड म्हणजे २५ किलो, तांदळाची एक छोटी गोणी तीन बोटांनी मागे ओढताय असं समजा. अर्ध्यात दम लागतो, वाटतं आता होत नाही, आणि तेवढ्यात ती चाकं फिरतात आणि वजन एकदम गायब. ७५ टक्के कमी होतं, हातात उरतं ६ किलोच्या आसपास. मग त्या ६ किलोवर तुम्ही थांबू शकता, पिन जागेवर आणू शकता, जनावर झाडाआडून बाहेर यायची वाट बघू शकता. रायफलवाल्याला हे समजायला वेळ लागतो, कारण रायफल टेकवून ठेवता येते, इथे टेका म्हणजे तुमचाच खांदा. मी एअर रायफलच्या सवयीने श्वास रोखून ट्रिगर हळू दाबत बसायचो आणि १०-१२ सेकंदांनी पिन अशी थरथरायला लागायची की बस. दादाचा उलटा प्रॉब्लेम, पिन मधे आली रे आली की फटकन बोट.

आता खरा मुद्दा. संध्याकाळी ४०-५० बाण मारले की शेवटी सगळे एका मुठीत बसायला लागतात आणि माणूस खूश होतो. दादाही झाला, दहाव्या दिवशी म्हणाला झालं, सप्टेंबरला धनुष्याच्या सीझनला जातो. मी म्हटलं दादा, एल्क तुला ४० बाण देणार आहे का? एकच देणार, तोही अंग थंड असताना. मग आम्ही नियम केला की सकाळी उठल्यावर चहाच्या आधी, हात न झटकता, ३० मीटरवरून एकच बाण. तो काय तो त्या दिवसाचा मार्क. तांदळाच्या भाकरीएवढा पेपरचा गोल कापून पेंढ्यावर लावला. १९ सकाळी मोजल्या. दादाचे ११ भाकरीत, ५ काठावर नाहीतर बोटभर बाहेर, ३ पार भलतीकडे. माझे ६ आत, बाकीचे विचारू नका. आणि खाडीवरून वर यायची आमची चिऱ्याच्या पायऱ्यांची घाटी आहे, ती पळत चढून आल्याआल्या मारलं की दादाचेही निम्मे बाहेर. हे समुद्रसपाटीला. तो जिथे जातो ती जागा ९-१० हजार फुटांवर.

संध्याकाळी हे बोलणं चाललेलं असताना काकू सोलं निवडत ओटीवर बसली होती. ती म्हणाली, "आणि नुसतंच लागलं नि पळालं तर? ते कुठे जाऊन मरणार, आणि तू शोधत कुठे बसणार?" दादा जरा गप्प झाला. मग सांगितलं की बाण गोळीसारखा धक्का देत नाही, पातं आत कापत जातं आणि रक्त जाऊन जनावर पडतं, फुफ्फुसात बसला तर मिनिटाच्या आतबाहेर, पण तरी अर्धा तास जागेवरून हलायचं नाही, आणि पोटात बसला तर सहा-आठ तास थांबून मगच माग काढायचा, लगेच मागे धावलं तर ते दरी ओलांडून जातं आणि सापडतच नाही. सप्टेंबरात दुपारी तिकडेही ऊन असतं, तेवढ्या तासांत मटण खराब. काकू म्हणाली, "म्हणजे अकरा आत नि आठ बाहेर, त्यातले किती पोटात?" एवढंच. सोलं घेऊन आत गेली.

धनुष्याच्या बाजूने मात्र एक गोष्ट जबरदस्त आहे आणि ती किटमध्ये मिळत नाही. सप्टेंबर म्हणजे एल्कच्या माजाचा महिना. नर डोंगरभर शीळ घालत फिरतात, आधी खालून खर्ज आणि मग एकदम वर जाणारी किंकाळी, दादाने फोनवर ऐकवली तर आमचा मोती खाटेखाली गेला. तोंडाने मादीचा आवाज काढला की नर अंगावर आल्यासारखा २०-३० यार्डांवर येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रायफल सीझनला ते सगळं संपलेलं असतं, जनावर बुजलेलं, दाट झाडीत गप्प, आणि आजूबाजूला केशरी जाकिटं घातलेली माणसं (रायफल सीझनला ५०० चौरस इंच झगझगीत केशरी किंवा गुलाबी अंगावर लागतंच, दादाचं जाकीट बघून शेजारच्यांनी विचारलं कुठल्या पालखीला जातोय). हे ऐकून मलाच वाटलं की जावं.

पण लायसन कुठल्या हत्याराचं आणि कुठल्या सीझनचं हे तिकडे आधीच ठरवावं लागतं. धनुष्याचं घेतलं तर रायफलच्या बर्फातल्या चार-पाच हमखास सकाळी गेल्या. गंमत म्हणजे तिसरा रस्ताही आहे, ठासणीच्या बंदुकीचा! सप्टेंबरच्या मधे ९ दिवस ठासणीचा वेगळा सीझन, दुर्बीण लावायची नाही, साध्या माशीने नेम धरायचा. आमच्या आजोबांकडे पीक राखायच्या परवान्याची ठासणी होती, निवडणूक आली की पोलीस स्टेशनात जमा करून यायचे आणि परत आणली की वर्षभर तिला तेल लावत बसायचे, त्यांना कळलं असतं की अमेरिकेत ठासणीला स्वतंत्र सीझन आहे तर दादाला रोज फोन केला असता. पण ते परमिट लॉटरीने मिळतं आणि अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला संपतात, दादा तेव्हा तिकीट बुक करण्यात गुंतला होता.

वाऱ्याचं मात्र आम्हा कोकणातल्यांना शिकवायला नको. दादा सांगत होता की डोंगरात पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते आणि ऊन चढलं की उलटी वर सरकते, म्हणून सकाळी जनावराच्या खालून जायचं आणि दुपारी वरून. मी म्हटलं अरे हे तर मतलई नि खारा वारा, पहाटे जमिनीकडून समुद्रात, दुपारी समुद्राकडून वर, होडीवाला प्रत्येक माणूस यावरच बाहेर पडतो. तो तिकडे पावडरची बाटली दाबून वारा बघतो, आम्ही बागेत उदबत्ती लावून बघितला. आमच्या राखणीला नेपाळचा एक माणूस आहे, दिवसभर वानरांवर गोफण फिरवतो, त्याने दोन संध्याकाळी आमचा खेळ बघितला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला साहेब दोरी वाजते, जनावर आधी ऐकणार. बरोबर पकडलं त्याने. हिशेब करा, या धनुष्यातून बाण सेकंदाला साधारण २५० फुटांनी जातो, ३० यार्ड म्हणजे ९० फूट, सेकंदाचा तिसरा हिस्सा तरी लागतो, आणि आवाज सेकंदाला ११०० फूट, म्हणजे तो पाव सेकंद आधी पोचतो. बुजलेलं जनावर तेवढ्यात खाली दबून उडी घ्यायच्या तयारीत, आणि बाण वरून जातो. रायफलची गोळी आवाजाच्या पुढे धावते, तिथे हा प्रश्नच नाही. किटमधले दोरीचे रबरी सायलेन्सर अगदीच नावाला आहेत, वेगळे घ्या.

खारी हवा: १० दिवसांत साइटचे स्क्रू आणि रेस्टची स्प्रिंग तांबूस पडली. शिलाई मशीनचं तेल लावत गेलो. दोरीला मात्र तेल नाही, तिला तिचंच मेण, दर चार दिवसांनी बोटाने चोळून.

मग तात्या. शेजारचे तात्या, एसटीतून रिटायर झालेले, रोज संध्याकाळी येऊन गडग्यावर बसायचे आणि सूचना द्यायचे. एके दिवशी मी बाण काढायला पेंढ्याकडे गेलो होतो, दादा पाणी प्यायला आत, आणि धनुष्य खुर्चीवर. माझ्यासाठी ४० पौंडावर उतरवलेलं होतं. तात्यांनी उचललं, बोटांनी ओढलं, पुरतं ओढलं हो, सत्तरीच्या माणसाने, आणि सोडलं. बाण न लावता. कंपाऊंड धनुष्याला यापेक्षा वाईट काही नाही, बाणात जायचा सगळा जोर धनुष्यातच परत येतो. नारळ कौलावर पडावा तसा आवाज झाला, केबल चाकावरून उडाली, खालच्या लिंबाला (म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या दांडीला) उभी चीर, आणि तात्या धनुष्य हातात धरून म्हणतात "हे आधीपासून असंच होतं काय रे?" सुदैवाने माणसाला काही झालं नाही. हे दुरुस्त करायला बो प्रेस, म्हणजे धनुष्य दाबून धरायचं यंत्र लागतं, तालुक्यात कुठे असणार, कुरिअरने पुण्याला पाठवलं. वॉरंटीत हे बसत नाही, ते मान्य, चूक आमची. पण बॉक्सवर, पुस्तिकेत, धनुष्यावर कुठेही "बाणाशिवाय सोडू नका" हे मराठी जाऊ दे हिंदीतही लिहिलेलं नाही, बारीक इंग्रजीत पान ११ वर आहे. नवा लिंब, दोरी, मजुरी मिळून ६,२०० आणि परत यायला १९ दिवस, तोवर दादा गेला आणि पाऊस लागला.

तर रेटिंग. घरच्या घरी टार्गेट मारायला, हात बसवायला ५ पैकी साडेतीन देतो, विक्रेत्याला एक, बदलून दिलं म्हणून एक. शिकारीचं तिकडचं गणित वेगळं, कायद्याने कोलोरॅडोत ३५ पौंडांचं धनुष्य आणि ७/८ इंच रुंद पातं असलं की एल्कला चालतं, त्या हिशेबाने हेही चालेल. पण पातं लावलेला बाण साध्या टोकाच्या बाणासारखा उडत नाही, नेम पुन्हा बसवावा लागतो, आणि या किटचं साइट दर ३०-४० बाणांनी केसभर सरकतं. धनुष्याने जाणारच असेल तर दादाने तिकडे चांगलं घ्यावं, हे नाही. आणि यंदा तर नाहीच, हे माझं मत मी त्याला एअरपोर्टला सोडताना सांगितलं: सकाळचा पहिला बाण २० पैकी १९ वेळा भाकरीत बसेपर्यंत रायफल सोडू नकोस, आणि ते सुद्धा घाटी चढून आल्यावर. तो म्हणाला तू काकूचाच पोरगा शोभतोस.

जूनमध्ये त्याचा मेसेज आला, रायफलचंच लायसन काढणार, पण सप्टेंबरमध्ये ४ दिवस सुट्टी टाकून हत्यार न घेता नुसता जाणार आहे, शीळ ऐकायला आणि वारा बघायला. सोबत एका नव्या धनुष्याचा फोटो, बिल झाकलेलं. आमचं दुरुस्त होऊन आलंय, माजघरात तुळईला टांगलंय, मेण लावून, तात्यांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर.